चित्राहुती घालणारा फेरेट

मी मुंगूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण झाशीत मला बघायला आलेल्या प्रत्येकाने मला मुंगूस समजूनच हात जोडले आहेत. मी फेरेट. अंगाने लांबुडका, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि पोटातलं आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून मला थोडं थोडं पण सारखं खायला लागतं, आणि लागतं ते मांसच. धान्य, फळं, दूध, साखर यांचं काय करायचं ते माझ्या पोटाला कुणी शिकवलेलं नाही.

माझा जन्म दिल्लीतला. तिथे खिमा, कलेजी, अधूनमधून अंडं, असं माझं बरं चाललं होतं. मग मालकाला परदेशात नोकरी लागली आणि त्याने मला आपल्या मित्राच्या, भूषणच्या, हवाली केलं. भूषण झाशीत बँकेत आहे. निघताना मालकाने माझ्या खाण्याची यादी कागदावर लिहून दिली. भूषणने तो कागद गाडीत दोनदा वाचला, घडी घालून पाकिटात ठेवला आणि झाशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

तो का गप्प झाला ते मला प्रेम नगरातल्या घरी पोचल्यावर कळलं. वडील जगन्नाथराव, रेल्वेच्या मालगोदामातून निवृत्त झालेले. आई इंदुमतीबाई. या घरात अंड्याला अंडं म्हणत नाहीत, ‘ते’ म्हणतात, आणि तेही दार लावून. आईने विचारलं, “काय खातो रे हा?” भूषणने पाकीट चाचपलं आणि म्हणाला, “सगळं खातो, आई. दूध-पोळी खातो.” पस्तिशीचा माणूस, बँकेत लोकांना कर्ज नाकारतो, पण आईपुढे एक ‘नाही’ त्याच्या तोंडून निघेना. त्याच्या त्या एका वाक्यावर माझं पुढचं दीड महिन्याचं पथ्यपाणी ठरलं.

दुधाने मला हगवण लागली. मग वरण-भात आला, वर तुपाची धार. मी वास घेतला आणि नाकाने भात बशीबाहेर लोटून दिला. थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे. आम्हा फेरेटांची ती नाराजी दाखवायची पद्धत आहे. पण समोर पाटावर बसलेल्या जगन्नाथरावांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

“अगं, बघ, बघ. चित्राहुती घालतोय!”

जेवायला बसण्याआधी ताटाभोवती पाणी फिरवून भाताची चार शितं बाजूला ठेवायची, ही या लोकांची जुनी रीत. पिढ्यान्‌पिढ्या ती ताटाभोवती बघत आल्यामुळे बशीबाहेरचा भात म्हणजे चित्राहुतीच, दुसरं काही त्यांना सुचलंच नाही. जनावराला जेवण आवडलं नसेल, हा विचार तर त्या घरात कुणाला शिवतच नव्हता, कारण स्वयंपाक इंदुमतीबाईंचा होता.

शेजारच्या ताराचाचीने दुसऱ्या दिवशी स्वतः बघून खात्री केली. “काए जिज्जी, जे तो पाछिले जनम के पंडित आंय,” ती म्हणाली आणि माझ्यापुढे पेढा ठेवला. मग गल्लीतून लोक येऊ लागले. कुणी केळं आणलं, कुणी बत्तासे. सगळे मला ‘नेवला जी’, म्हणजे मुंगूसमहाराज, म्हणत. इतका आदर आणि इतकी भूक मी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती. गोड मला विषासारखं, पण पोट रिकामं असलं की विषही चाटावं लागतं.

मग एकादशी आली. माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी आली. मी तोंड फिरवून बसलो.

“निर्जळी करतोय,” जगन्नाथराव म्हणाले. त्यांच्या तोंडात खिचडीचा तिसरा घास होता.

आता माझ्या नाकाविषयी सांगायला हवं. दर गुरुवारी संध्याकाळी जगन्नाथराव भाजी आणायला म्हणून मानिक चौकात जात. परत येत ते बडीशेप चघळत, पण शर्टाच्या बाहीला मटणाच्या रश्शाचा वास असे. भूषणच्या ऑफिसच्या पिशवीला आम्लेटचा. मी त्या दोघांच्या बोटांना लागलेला वास अधाशासारखा चाटत राही, आणि ते एकमेकांना सांगत, किती लळा लावलाय यानं. इंदुमतीबाईंच्या हाताला मात्र कणकेचा आणि हिंगाचाच वास. त्यांच्याकडे मी जात नसे. “माझ्यावरच का रे राग?” त्या विचारायच्या, आणि मला खरंच वाईट वाटायचं.

सहाव्या आठवड्यात माझे मागचे पाय फरफटायला लागले. अंगावरचे केस झडले, तोंडातून लाळ गळे, नजर एकाच जागी लागून राही. जगन्नाथरावांनी चार लोकांना बोलावून सांगितलं, “समाधी लागली आहे.” एकाने माझ्यापुढे उदबत्ती लावली.

इंदुमतीबाईंनी ती विझवली. त्यांनी मला उचललं, पाठीवरून हात फिरवला आणि बोटांना बरगड्या लागल्या तशा थांबल्या. “ही समाधी नाही,” त्या म्हणाल्या. “हा उपाशी आहे. मी आयुष्यभर उपास केलेत, मला कळतं.”

त्याच दुपारी कापडी पिशवीत घालून त्यांनी मला ई-रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मला सुई टोचली, मग चष्मा काढून इंदुमतीबाईंकडे बघितलं. “माताजी, ये पूरा मांसाहारी जीव है. मुर्गी दीजिए, कलेजी, अंडा. पकी हुई हड्डी मत देना, गले में फँसेगी. दूध, रोटी, फल, मीठा, सब बंद. थोड़ा-थोड़ा, दिन में पाँच-छह बार. नहीं तो ये हफ़्ता भी नहीं निकालेगा.”

संध्याकाळी दोघं घरी आल्यावर त्यांनी हे शब्दाला शब्द सांगितलं. जगन्नाथराव उभेच राहिले. “या घरात मांस शिजणार नाही. भूषण, तू सांग हिला.”

भूषण जमिनीकडे बघत म्हणाला, “बाबांचं बरोबर आहे, आई. देऊन टाकू कुणालातरी.”

मी इंदुमतीबाईंच्या मांडीवर पडलो होतो. गुरुवार होता. एकाच्या बाहीतून मटण येत होतं, दुसऱ्याच्या पिशवीतून आम्लेट, आणि दोघं मिळून घराण्याच्या सोवळ्याविषयी बोलत होते. मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी मरण्याआधी एवढंच सांगितलं असतं.

इंदुमतीबाईंनी मला उशीवर ठेवलं, पदर खोचला आणि बाहेर पडल्या. अर्ध्या तासाने परत आल्या त्या हातात काळी पिशवी घेऊन, सगळ्यांच्या देखत, ताराचाचीच्या ओट्यासमोरून.

“का ल्याईं, जिज्जी?”

“मुर्गी,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्याही नाहीत.

मागच्या व्हरांड्यात त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं. नाकाला फडकं बांधलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हाडं काढून त्यांनी नखाएवढे तुकडे केले आणि एकेक माझ्या तोंडाशी धरला. पहिला तुकडा मला चावता आला नाही. दुसरा गेला.

जगन्नाथराव दारात आले. “इंदू, आपल्या घरात हे...”

त्यांनी मान वर केली नाही. “चाळीस वर्षं तुमचे शर्ट मीच धुते. कधी बोलले का? तुम्हाला निदान मानिक चौकापर्यंत चालत जाता येतं. हा कुठे जाणार होता?”

भूषण आतल्या खोलीत गेला. मग वाऱ्याने वर्तमानपत्राचा कोपरा उडायला लागला, तो जगन्नाथरावांनी खाली वाकून हाताने दाबून धरला.

आता माझे पाय चालतात आणि अंगावर केस परत आलेत. दर्शनाला मात्र कुणी येत नाही. ताराचाचीच्या मते मी बाटलो. चालेल. इंदुमतीबाई अजून मांसाला शिवल्या की आंघोळ करतात, आणि तरीही दिवसातून पाच वेळा शिवतात.

घरी माझ्यासारखा कुणी आणणार असाल तर तुमच्याकडे हात जोडून एकच मागणं आहे. तो काय खातो ते आधी विचारा, आणि ते तुमच्याने होणार नसेल तर त्याला आणूच नका. तुमची व्रतं तुमच्या पोटाने करा. आमच्या भुकेला भक्ती म्हणू नका. उत्तर देता येत नाही म्हणून आम्ही मुकाट बसतो, आणि तुम्ही उदबत्ती लावता.