बावीस मजले चढणारी आई

"काढ गं बाई हे मनगटावरचं. मेलं किती खाजतंय!" आईची कुरकूर काही खोटी नव्हती. भावाने आणून बांधलेल्या, ठोके नि पावलं मोजणाऱ्या पट्ट्याखाली लालभडक चट्टा उठला होता. पण पट्टा सुटला की तिकडे भावाच्या फोनवर घंटा वाजायची आणि तो ताईला फोन लावायचा, "आईचे ठोके दिसेनात!" तेही चपलांच्या दुकानात, ऐन गर्दीत, ताईच्या एका हातात गिऱ्हाइकाचा बूट असताना. तीनदा मालकाची बोलणी खाल्ल्यावर ताईने पट्टा स्वतःच्याच हाताला बांधला. दोन दिवसांपुरता म्हणून. त्याला आता दोन महिने झाले होते.

आज भाऊ आईला न्यायला येणार होता, तीन महिन्यांसाठी. वर्षभर घोळत असलेलं एकदाचं ठरलं होतं. ताईने कपडे, औषधं, कवळीची डबी, सगळं भरून दाराशी ठेवलं होतं. भाऊ-भावजय आले ते गाडीच्या मागच्या सीटवर खोकी भरून. आई बसणार कुठे, हे ताईने खिडकीतूनच ओळखलं.

"ताई, मी काय म्हणतो," भावाने फोन पुढे केला, "आईला कशाला हलवायचं? हे बघ, काल साडेनऊ हजार पावलं! बावीस मजले चढली! आमचे डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा आई ठणठणीत."

"झोप तेवढी कमी होते हं," भावजय म्हणाली. "चारच तास. रात्री जरा लक्ष देत जा ना, ताई."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई समोरच खुर्चीत होती. तिला तिथे बसवायला सकाळी पाऊण तास लागला होता. संडासापर्यंतची अकरा पावलं ती ताईच्या खांद्यावर लटकून टाकायची.

"आई बावीस मजले चढली, आणि ते तुला खरं वाटलं?" ताईने बाही वर सारली. "हा बघ पट्टा. वरच्या गोदामातून बुटांची खोकी आणायला जिने चढते ती मी. चार तास झोपते तीही मीच."

भावाचा चेहरा उतरला, मग तापला. "म्हणजे दोन महिने आई पट्ट्याशिवाय? पडली असती तर? फसवलंस तू आम्हाला!"

"फसवलं. चुकलंच माझं. पण मागच्या महिन्यात तू येऊन गेलास, दोन तास बसलास. तिचं मनगट उघडं होतं. फोनमधून मान वर काढली असतीस तर दिसलं असतं."

भावजयीने पर्सची चेन उघडली, लावली.

"बरं, पुढच्या महिन्यात बघू," भाऊ नरमला. "तिला इथली सवय आहे. आणि तुझ्याइतकी माया कोण करणार, ताई? उगाच रागात काहीतरी बोलून बसशील."

आई ऐकत होती. तिचे कान अजून शाबूत होते, आणि हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने आवाज खाली आणला नाही.

"रागातच बोलतेय. माया आटली माझी. मला आई नको झालीय."