वीस सेकंदांचा रस्ता

मामांच्या कुत्र्याचं नाव मुकादम. वाटेतला प्रत्येक खांब आणि उभ्या गाडीचं प्रत्येक चाक तपासल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, म्हणून. तो तेरा वर्षांचा, मामा अठ्ठ्याहत्तर. दोघं रोज सकाळी नऊला बाहेर पडतात. इस्त्रीचे कपडे, औषधं, पाव, भाजी, आणि अधूनमधून मुकादमाची तपासणी.

मामांचा मुलगा, माझा दादा, रस्त्यांचं आणि सिग्नलचं नियोजन करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने मुकादमाच्या पट्ट्याला ट्रॅकर लावला आणि आठवडाभर ऑफिसात बसून फोनवर बापाचा ठिपका पाहिला. आठवडा संपल्यावर निकाल दिला की बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही. नकाशावर मोठ्या चौकापाशी निळ्या रेघांचं भेंडोळं झालेलं होतं. रोज तिथेच, दहा-अकरा मिनिटं. बाबा वाट चुकून गोल गोल फिरतात, दुसरं काय.

उपायही तयार होता. सोमवारपासून कुत्रा फिरवायला एजन्सीचा माणूस येणार, सामान घरपोच येणार, बाबांनी एकट्याने फाटकाबाहेर पडायचं नाही. हे त्याने जेवताना सांगितलं, मामांच्या देखत, पण माझ्याकडे बघून. मामांनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "कोंडायचंच आहे तर दोघांना कोंड. मुकादमाला एकट्याला कशाला सोडतोस?" दादाला ते ऐकू गेलं नाही. तो एजन्सीच्या माणसांचे फोटो चाळत होता.

मी पदार्थविज्ञानात एमएस्सी केलंय आणि नोकरी मिळेपर्यंत मामांकडे राहते. दादाच्या भाषेत, रिकामीच असते. म्हणून त्याने मला दोन दिवस मागोमाग जाऊन बाबांच्या वागण्याची नोंद करायला सांगितलं.

आधी मी पट्टा तासभर बाल्कनीतल्या स्टुलावर ठेवला. नकाशावर त्या तासात पट्ट्याने घराला तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि शेजाऱ्यांच्या भिंतीतून तो दोनदा आरपार गेला होता. एका जागी ठेवलेली वस्तूही या यंत्राला डुलताना दिसते, हे मी दादाला दाखवलं. मी अख्ख्या शहराची वाहतूक सांभाळतो, तू मला ठिपका शिकवू नकोस, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी वीस पावलं मागे राहून निघाले. मोठा चौक दोन वर्षांपूर्वी मोठा नव्हता. आता एका बाजूला काचेची इमारत आहे, दुसऱ्या बाजूला सोफ्यांचं दुकान, आणि मधला रस्ता चोवीस मीटर रुंद. खांबावर चालणाऱ्या माणसाचं हिरवं चित्र लागतं आणि वीसपासून उलटे आकडे पडतात.

हिरवं लागलं. मामा हलले नाहीत. मुकादम खाली बसला. हिरवं गेलं. दोन मिनिटांनी पुन्हा आलं, पुन्हा गेलं. असं पाच वेळा झालं. खरं सांगायचं तर चौथ्या वेळी मलाही वाटलं की दादाचं बरोबर असेल.

मग भंगारवाली बाई हातगाडी ढकलत आली. गाडीतून दोन्ही बाजूंना लोखंडी सळया बाहेर आलेल्या. तिने सिग्नलकडे पाहिलंसुद्धा नाही. "चला आजोबा, आपलं हिरवं झालं," म्हणाली आणि सरळ रस्त्यात घुसली. माणसासाठी न थांबणाऱ्या गाड्या सळईसाठी थांबल्या, कारण रंगाला ओरखडा पडला असता. हातगाडीच्या आडोशाने मामा आणि मुकादम पलीकडे पोचले. मी मोबाइलवर वेळ लावली होती. एक्केचाळीस सेकंद.

रोज हातगाडीची वाट बघत थांबता हे घरी का नाही सांगितलं, असं मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "तो सिग्नल त्याच्याच कंपनीचा आहे. कशाला उगाच त्याचं तोंड उतरवायचं?"

मला तसली काही अडचण नव्हती. त्या रात्री जेवताना मी दादापुढे कागद ठेवला. चोवीस मीटर, वीस सेकंद, म्हणजे सेकंदाला एक पूर्णांक दोन दशांश मीटर. हा वेग कोणाचा? दादा म्हणाला, सरासरी माणसाचा, तसा नियमच आहे. मी विचारलं की हा सरासरी माणूस किती वर्षांचा, त्याच्या हातात पिशवी असते का, आणि त्याला कधी कोणी पाहिलंय का. तो चिडला. रविवारी स्वतः बाबांना घेऊन जातो आणि दाखवतो, म्हणाला.

रविवारी भंगारवाली नव्हती. हिरवं लागताच दादाने मामांचा दंड धरला. "चला बाबा, भरपूर वेळ आहे."

मी आधीच पलीकडे जाऊन कडेला मोजत उभी होते. दहा सेकंदांत सहा मीटर. पंधराव्या सेकंदाला मुकादमाला पांढऱ्या पट्ट्यावर तपासण्याजोगं काहीतरी सापडलं. मामा थांबले, अर्थातच. आकडे शून्यावर आले तेव्हा तिघं अजून मध्यापर्यंतही पोचले नव्हते. सगळीकडून हॉर्न सुरू झाले आणि एक बस पुढे सरकली.

दादाने मामांचा दंड सोडला आणि तो पलीकडे पळाला. गाड्या थांबवायला गेलो होतो, असं तो अजून सांगतो. पण गाड्या थांबवायला कोणी फुटपाथवर चढत नाही.

मामांनी चालीत फरक केला नाही. भाजीची पिशवी बसच्या काचेसमोर उंच धरली आणि चालत राहिले. ड्रायव्हर थांबला, खिडकीतून काहीबाही बोलला. मामांनी मान हलवून ते ऐकून घेतलं. त्रेचाळिसाव्या सेकंदाला दोघं दादाजवळ पोचले. दादाचा श्वास अजून बसला नव्हता.

मामांनी दोरी मनगटाला नीट गुंडाळली.

"तो एजन्सीचा माणूस उद्यापासून येणार आहे ना?"

दादा घाम पुसत हो म्हणाला.

"येऊ दे. तुला रस्ता ओलांडून देत जाईल."

मी हसले, हे मान्य करते. दादाने तिथेच पाठमोरा होऊन फोन लावला आणि खालच्या आवाजात एजन्सीला नको म्हणून कळवलं. तोवर मामा आणि मुकादम औषधांच्या दुकानाकडे निघालेही होते.

सिग्नलचं विचारलं तर दादा म्हणतो की वेळ वाढवायला वरून मंजुरी लागते, आणि अहवालानुसार तो चौक उत्तम चाललाय.