लांबची नखी, जवळची नखी

या, अशा जवळ सरका. गोष्ट अंगठ्याएवढीच आहे, पण कुणाला ऐकू आली नाही असं नको व्हायला. ऐकू येणं आणि न येणं, एवढ्यावरच तर ती उभी आहे.

चष्मेवाल्याने तार छेडायची पाचवी नखी अंगठ्यात सरकवली, गिटार मांडीवर घेतली आणि खर्जाची तार छेडली. दुकानभर आवाज घुमला. भिंतीवर टांगलेली दुसरी दोन वाद्यंही हलकेच गुणगुणली.

"बघा!" वाद्यांच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या. "कसा खणखणीत आवाज आहे. आणि बसलीय कशी, तुमच्याच अंगठ्यावर ओतून केल्यासारखी. टोचते?"

"नाही."

"फिरते?"

"नाही, बसलीय छान."

"मग तोंड का असं?"

त्याने नखी काढून अंगठ्यावर कड्याचा वळ उमटलाय का ते उजेडात धरून पाहिलं. ही त्याच्या धंद्याची सवय. दुकानात सगळेच चष्मे बरे वाटतात, चार दिवसांनी नाकावर लाल खूण दिसते तेव्हा खरं माप कळतं, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. या अंगठ्यावर वळ नव्हता. तरी त्याने नखी काचेवर ठेवली आणि सहावी मागितली.

"तुमच्या दुकानात मी इतके नखरे केले असते ना," काकू म्हणाल्या, "तर चष्म्याऐवजी काठी देऊन बाहेर काढलं असतं तुम्ही मला. जुनी कुठे गेली? मोडली?"

"आता तिचं जमत नाही."

जुनी त्याच्या खिशातच होती. पिवळी पडलेली, पण शाबूत. वीस वर्षांपूर्वी भिंगाच्या कडेने त्याच्या अंगठ्याचं पेर कापलं होतं, टाके पडले होते. उघड्या अंगठ्याने तार छेडली की ती शिवण अजून उलते, म्हणून नखी. त्या नखीने वीस वर्षं दर रविवारी सकाळी त्याने ताईला साथ केली होती.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. प्रार्थनेच्या सभागृहात ती गाऊन प्रवचन सांगायची. एक ओवीभर गाणं, मग चार वाक्यं बोलणं, पुन्हा गाणं. बोलता बोलता कधी गायला लागली ते कळायचं नाही, आणि डोळे पुसायला आपला हात वर गेला की मग कळायचं. चार महिन्यांपूर्वी तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, आवाज राहिला, पण चुलीवर आटवल्यासारखा थोडासाच. येत्या रविवारी ती पुन्हा मंचावर बसणार होती. आणि तिने घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "शेवटच्या बाकापर्यंत शब्द गेला नाही, तर त्याच दिवशी खाली उतरेन. पुन्हा चढायला सांगू नका. लोकांनी माझ्यावर दया म्हणून माना डोलवायच्या, ते मला नको."

काल दोघं स्वयंपाकघरात तालमीला बसली होती. ती गात होती, तो वाजवत होता. ओट्याशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने एकदा मागे वळून पाहिलं आणि कानाला हात लावून खूण केली, गिटारखाली ताईचा शब्द ऐकूच येत नव्हता. ताईचे डोळे मिटलेले होते म्हणून बरं.

"बाई गं," त्याने हे सांगितल्यावर काकूंना आता थोडं समजू लागलं. "मग हळू वाजवा ना. त्याला नखी कशाला बदलायला हवी?"

"हळू वाजवायला गेलो की हात घाबरतो, काकू. आणि माझा हात घाबरला की तिला लगेच कळतं. वीस वर्षं त्याच हाताला धरून गातेय ती." त्याने सहावी नखी बोटात फिरवून पाहिली. "हात भरून वाजवता आलं पाहिजे, आणि आवाज मात्र गादीखालून आल्यासारखा यावा. अशी आहे का?"

"चाळीस वर्षं दुकान चालवतेय. खराब आवाजाची वस्तू मागणारं गिऱ्हाईक पहिलंच."

शेवटी त्याने पाचवीच घेतली. अंगठ्याला आराम तिच्यातच होता. बाकीचं त्याचं त्यालाच करायचं होतं.

चष्म्याच्या दुकानात दुपारी वर्दळ नसते. फ्रेमच्या काड्या मऊ करायचं, बारीक मण्यांनी भरलेलं गरम भांडं त्याने चालू केलं. नखीचं कडं त्यात बुडवलं, मऊ झाल्यावर अंगठ्यावर बसवून अर्धा केसभर सैल केलं, कारण वाजवताना अंगठा फुगतो. मग कानशीने टोक घासलं. घासून छेडलं, आवाज अजून मोठाच. पुन्हा घासलं. मग भिंग पुसायच्या मऊ कातड्याचा नखाएवढा तुकडा टोकाला चिकटवला. जाड झाला, तार अडकायला लागली. तो सोलून पातळ केला. एक बाई चष्मा न्यायला आल्या, तेव्हा हा माणूस गिटारच्या एकाच तारेवर ठप, ठप करत बसलेला.

"बिघडलीय का हो?" त्यांनी काळजीने विचारलं.

"सुधारतोय," तो म्हणाला.

रविवारी सभागृह भरलं. दुसऱ्याच्या घरी दिवा पोचवायला निघालेल्या वाटसरूची कथा ताईने लावली होती. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला. चष्मेवाल्याचा अंगठा नेहमीसारखा पडत राहिला, भरून, न थांबता. तिने त्या ठेक्यावर हात ठेवावा तसा स्वर ठेवला आणि पुढे निघाली. बारीक आवाज होता. पण वाटेत त्याला अडवणारं काहीच नव्हतं.

प्रवचन संपल्यावर घंटाकाका पुढे आले. सभागृहाची घंटा वाजवायचं आणि शेवटच्या बाकावर बसून प्रत्येकाच्या चुका काढायचं, ही दोन्ही कामं ते मनापासून करायचे.

"ताई, शब्द न् शब्द आला मागे. अगदी श्वाससुद्धा." मग चष्मेवाल्याकडे वळून, "तुमचं मात्र काही खरं नाही हं. वाजवत होतात की तारांवरची धूळ झटकत होतात? हात पार ढिला पडलाय."

"वय झालं, काका."

"आमचं नाही झालं ते?"

सगळे हसले. तोही हसला आणि गिटार पेटीत ठेवू लागला. ताई हसली नाही. तिची नजर त्याच्या अंगठ्यावर होती.

घरी आल्यावर तिने पेटी उघडली. नखी स्वतःच्या अंगठ्यात घातली, खर्जाची तार छेडली. ठप. मग पेटीच्या कप्प्यातून जुनी पिवळी काढली, ती घातली. खोली घुमली. नवी पुन्हा हातात घेऊन कातड्याच्या तुकड्यावरून बोट फिरवलं. तो दारात उभा होता.

"टोचत नाही ना रे तुला ही?"

"नाही. मापाची आहे."

"मला वाटलंच," ती म्हणाली. पाण्याचं भांडं तोंडाला लावलं, खाली ठेवलं. "पुढच्या रविवारी दोन्ही आण."

"दोन्ही कशाला? मध्येच बदलत बसू?"

"तुझी गिऱ्हाइकं नाही बदलत? लांबचा वेगळा, जवळचा वेगळा?"

पुढच्या रविवारी कथा अर्ध्यावर आली आणि ताई थांबली. तिने पाण्याचा पेला उचलला. चष्मेवाल्याने खिशातली जुनी नखी अंगठ्यात चढवली आणि वाजवायला घेतलं. शेवटच्या बाकावर घंटाकाका ताठ बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "आला की हो हात ठिकाणावर!" सभागृहाच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती. ताई पाणी पीत होती. लहान लहान घोट, एकेक थांबून, डोळे मिटून. पेला केव्हाच रिकामा झाला होता. त्याचं वाजवून होईपर्यंत तिने तो ओठांवरून काढला नाही.

कधी कुणी गाता गाता मध्येच थांबून सावकाश पाणी प्यायला लागलं, तर घड्याळाकडे बघू नका. या बहीणभावाची आठवण काढा.