फिंडिलेच्या नावावर आलेली

सार्जंट न्झामा गाडी फाटकाबाहेर ठेवून, टोपी काखेत मारून आत आला, तेव्हाच माचेलेने ओळखलं, काहीतरी आलंय. काही हाती लागलं नाही तर पोलीस ते फोनवर सांगतात आणि काही लागलं असलं तरच माणूस पाठवतात. त्यातून हा न्झामा या प्रकरणावरचा चौथा. पहिला बढती घेऊन गेला, दुसरा आजारी पडला, तिसऱ्याने नोकरी सोडून कोंबड्या पाळल्या. बदलला नव्हता तो फक्त खुनी, आणि त्याचं नाव अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाच बायका गेल्या होत्या. पाचही जणींना कुणीतरी कामाला लावतो म्हणून घेऊन गेलं आणि पाचही किनाऱ्याकडच्या उसात सापडल्या, म्हणून माणूस एकच, असं पोलिसांनी ठरवलं होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘फडातला माणूस’ असं नाव ठेवलं. माचेले त्याला मुडदा म्हणायची. माणूस म्हणण्यासारखं त्याने काय केलं होतं?

तिची फिंडिले त्यातली तिसरी. तोडणीआधी ऊस पेटवायची इकडची रीत आहे, आणि तिसरी सापडली ती फड पेटवल्यावर. ओळखण्यासारखी एक सपाता तेवढी उरली होती, पिवळ्या बकलाची. तसल्या सपाता गावातल्या प्रत्येक दुकानाबाहेर ढिगाने पडलेल्या असतात, हे माचेलेलाही कळत होतं. पण मुलगी गेली हे मनाने घेतलं होतं, आता निदान पुरायला तरी मिळावी म्हणून तिने सपाता छातीशी धरली. पोलिसांनाही कुणीतरी हो म्हणायला हवंच होतं.

“माचेले, आत बसून बोलायचं का?” न्झामा म्हणाला.

“बसून काय होणार आहे? बोल.”

“तपासणीचा निकाल आला.”

“कसली तपासणी? माझ्या गालात काडी फिरवून नेली होती ती? त्याला तीन वर्षं होत आली.”

“प्रयोगशाळेत फार रांग असते.”

“आणि माझी मेलेली पोर त्या रांगेत उभी होती?”

न्झामाने टोपी या काखेतून त्या काखेत घेतली. मग एका दमात सांगून टाकलं. माचेलेने आपली म्हणून अंगणात पुरली होती ती फिंडिले नव्हती. फिंडिले म्हणजे त्यांच्या हिशेबातली दुसरी, रेल्वे पुलाजवळच्या फडात सापडलेली. तिला कुणीच ओळखलं नाही म्हणून नगरपालिकेने बेवारशांच्या दफनभूमीत पुरलं होतं.

“मग माझ्या अंगणात कोण आहे?”

“ते अजून कळलेलं नाही.”

“नाव?”

“नाही. कुणी विचारायलाही आलेलं नाही.”

हाडांची अदलाबदल होईल, कोर्टाची परवानगी लागेल, वेळ जाईल, असं तो बरंच काही बोलला. माचेलेचं त्याकडे लक्ष नव्हतं. हाडं थांबतील. बाहेर मेलेल्या माणसाचा आत्मा मात्र घरी आणावा लागतो. घरातला वडीलधारा रानबोरीची फांदी घेऊन माणूस गेलं त्या जागी जातो, नावाने हाक मारतो, आणि वाटेतला ओढा, वळण, चढ सगळं सांगत सांगत त्याला फांदीवरून घरी घेऊन येतो. घर येईस्तोवर फांदीशी सोडून जिवंत माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. तिच्या थोरल्या दिरांनी, एलियास भाऊजींनी, हे सगळं रीतसर केलं होतं. जळक्या फडात उभं राहून “फिंडिले, चल घरी” म्हणाले होते. आणि कुणीतरी आली होती.

“मारलं कुठे फिंडिलेला?” माचेलेने विचारलं.

“पुलाजवळच्या फडात सापडली.”

“सापडली कुठे ते सांगितलंस. मारलं कुठे?”

“ते त्यालाच ठाऊक. तो हाती लागला की सगळं दाखवेल.”

हे वाक्य तिने चार जणांच्या तोंडून ऐकलं होतं. दरवेळी जणू तो मुडदा पुढच्या सोमवारी येणार आहे अशा थाटात. “आणि तो म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात मेला तर?” न्झामा टोपी झटकू लागला. त्याच्या कानशिलात भडकवावी असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, याला मारून काय उपयोग, याच्या जागी पाचवा येईल.

एलियास भाऊजींनी हे ऐकलं आणि मांडीवर हात मारला. जन्मभर बस चालवलेला माणूस, रस्त्याचे आणि पूर्वजांचे नियम त्यांना सारखेच पाठ. “तरीच. परकी पोर घरात. तरीच शेळी मेली, पोराची नोकरी गेली, माझा गुडघा धरला.”

“तुमचा गुडघा फिंडिले जन्मायच्या आधीपासून दुखतोय, भाऊजी.”

“आधी हिला हिच्या जागी पोचवायची. मग आपली आणायची. एका घरात दोन नावं गोंधळली की पूर्वज तोंड फिरवतात.”

 माचेलेला एक स्वप्न आठवत होतं. फिंडिले गेल्यापासून कधी स्वप्नात आली नव्हती. यायची ती एक पोर, दाराशी पाठ करून उभी, चटईवर ये म्हटलं तरी न बसणारी. सकाळी उठून माचेले त्या मागच्या भिंतीशी, जिथे पूर्वजांसाठी ज्वारीची बिअर ठेवतात तिथे, जाऊन कावायची: आईला तोंड दाखवायला लाज वाटते का गं तुला? ते सगळं त्या बिचारीने ऐकून घेतलं होतं.

शनिवारी भाऊजींनी दोन फांद्या तोडल्या. पहिली घेऊन मागच्या भिंतीशी गेले, धूप जाळला, म्हणाले, “पोरी, चूक आमची झाली. चल, तुला होतीस तिथे सोडतो.” एवढं बोलले आणि जगाशी त्यांची बोलाचाल बंद झाली. दुसरी फांदी माचेलेने उचलली. टॅक्सीवाल्याशी, लोकांशी बोलायचं काम तिच्याकडे.

तिसरी सापडली होती त्या फडात ऊस कमरेएवढा झाला होता. जळल्याची खूणसुद्धा कुठे नव्हती. भाऊजी बांधावर वाकले, फांदी खाली ठेवणार, तेवढ्यात माचेलेने त्यांचं मनगट धरलं.

“पोरी,” ती फांदीला म्हणाली, “इथे राहू नकोस. आम्ही फिंडिलेला आणायला चाललोय. तूही चल.”

भाऊजींच्या कपाळाची शीर तटतटली. तोंड उघडलं, मिटलं. जिवंत बाईशी बोलायची सोय नव्हती. मग त्यांनाच वाट सुचली.

“पोरी,” ते फांदीकडे बघत म्हणाले, “या बाईला सांग, घर माझ्या भावाचं आहे. तिथे कोण राहणार ते मी ठरवतो.”

“पोरी, यांना सांग, यांचा भाऊ खाणीत मेला त्यानंतर त्या घरावर पत्रे मी चढवलेत.”

“पोरी, हिला सांग, पूर्वजांना परकं चालत नाही.”

“पोरी, यांना सांग, इतकी वर्षं चाललं. एक तरी पूर्वज तक्रार घेऊन आला का?”

“पोरी, हिला सांग, शेळी...”

“शेळी प्लॅस्टिकची पिशवी खाऊन मेली,” माचेले सरळ त्यांनाच म्हणाली. मग ती पुन्हा फांदीकडे वळली. “तू फिंडिले नव्हतीस. तरी त्या नावावर आलीस. तुला दुसरं कुणी हाकच मारत नव्हतं ना गं? आता तुला परत या उसात टाकून मी माझी घेऊन गेले, तर माझ्यात आणि त्या मुडद्यात काय फरक राहिला?”

 भाऊजींनी बाहीने नाक पुसलं. “चल पोरी,” ते म्हणाले, “आता आपण पुलाकडे निघालोय. बांधावरून खाली पाट आहे, जपून उतर.”

पुलाजवळ न्झामा जागा दाखवायला आला होता. तिथला ऊस दोन पुरुष उंच. त्याने हात लांब करून सांगितलं, “इथून त्या खांबापर्यंत. यात कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे?”

“तेव्हा जो सार्जंट होता तो आता कोंबड्या...”

“कोंबड्यांना विचारून ये मग.”

पण दुसरं करणार काय? माचेलेने दुसरी फांदी भाऊजींच्या हातात दिली. ते उसाच्या कडेकडेने चालत निघाले, दर थोड्या अंतरावर थांबून हाक मारत. “फिंडिले, मी तुझा मोठा काका. चल घरी. तुझी आई आली आहे.” उसाची पाती एकमेकांवर घासत होती. वरून एक मालगाडी गेली आणि तिच्या आवाजात एक हाक बुडाली, म्हणून ती त्यांनी परत मारली. खांबापाशी येऊन वळले. माचेलेने डोळ्यांनीच विचारलं, आली का? त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना, आणि विचारायचीही सोय नव्हती.

परतीच्या शेअर टॅक्सीत ड्रायव्हरने विचारलं, “किती जण, मा?”

“चार.”

त्याने भाऊजींच्या हातातल्या दोन फांद्या पाहिल्या आणि पुढे काही विचारलं नाही. खिडकीजवळ बसलेला एक माणूस आपणहून उठला. “लेकरांना खिडकीशी बसू द्या,” म्हणाला आणि मागे सरकला. भला माणूस दिसत होता. माचेलेने तरीही आधी त्याचे हात पाहिले. फिंडिले गेल्यापासून ती सगळ्याच पुरुषांचे हात बघायची, दुकानदाराचे, पाद्रीबुवांचे, न्झामाचेही. हात सगळ्यांचे हातांसारखेच असतात. त्या मुडद्याने तिच्याकडून हेही नेलं होतं, कुणाचे सरळ आभार मानणंसुद्धा.

सबंध वाट भाऊजी खालच्या आवाजात बोलत राहिले. हा ओढा आला. हा साखर कारखाना, वास येतोय ना? ही शाळा, फिंडिले, तुझी. दुसरीला काय म्हणायचं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून तिला नुसतंच “आणि तूही बघ” म्हणत होते.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही फांद्या मागच्या भिंतीशी ठेवल्या, पाठ सरळ केली, आणि सकाळपासून पहिल्यांदा माचेलेकडे बघून बोलले.

“भांडकुदळ आहेस तू.”

“दोघी आल्या का, भाऊजी?”

 खोटं बोलायला त्यांना यायचंच नाही. “एक आली ते सांगू शकतो. पहिल्या फांदीचा भार मला ओळखीचा आहे. दुसरीचं...” त्यांनी तळहात उलटा केला. “खांबापर्यंत कुठेतरी म्हणाला तो, माचेले. तिथे ती मेलीच नसेल, तर मी कितीही हाका मारल्या तरी तिला कशा ऐकू जाणार?”

माचेलेने बिअरचे दोन तांबे भरून ठेवले. एक नेहमीच्या जागी, एक शेजारी. मग गुडघे टेकून बसली. इतकी वर्षं याच जागी ती मुलीला हाक मारत होती आणि इतकी वर्षं दुसरीच कुणी ती हाक आपली म्हणून ऐकत होती.

“तू बस गं चटईवर,” ती पहिल्या फांदीला म्हणाली. “आता तुला कुणी उठवणार नाही. फक्त एक कर. आता मी हाक मारेन, तेव्हा तू ओ देऊ नकोस. तिला देऊ दे.”

मग दुसऱ्या फांदीकडे वळून तिने हाक मारली, “फिंडिले.”

भाऊजी निघाले होते, ते दारातच थांबले. बाहेर कोंबडी कुरकुरली, कुणीतरी नळ सोडला. माचेले थोडी पुढे सरकली आणि आणखी मोठ्याने हाक मारली.