फोरमनची सही

फोरमनने चष्मा पुसला, कागद खिडकीजवळ नेला आणि उभ्यानेच वाचला. मालक खुर्चीच्या टोकावर बसून राहिले. आतल्या खोलीतून फोरमनची बायको एकदा डोकावली आणि पाणीही न विचारता परत गेली.

“म्हणजे भट्टीची वेळ मी कमी केली, असं लिहून द्यायचं,” फोरमन म्हणाला.

“नुसती सही करायची, दादा. मोटार कंपनीला एक माणूस दाखवला की त्यांचं समाधान होतं. तुम्ही तर आता कामावरही नाही.”

अठरा वर्षांपूर्वी हे दोघे पत्र्याच्या शेडमध्ये एकाच लेथवर आळीपाळीने राबायचे. माल एकच, ब्रेकच्या पेडलची करंगळीएवढी पिन. फोरमन ती भट्टीत इतकी नेमकी तापवायचा की मोटार कंपनी त्याच्या हातचा माल डोळे झाकून उचलायची. बघता बघता शेडचा कारखाना झाला, दोनशे माणसं कामाला लागली, मालकांच्या केबिनमध्ये उत्तम पुरवठादाराच्या ढाली मावेनात. मग कंपनी दरवर्षी भाव पाडायला लागली. नाही म्हणायला मालक शिकलेच नव्हते. एका संध्याकाळी फोरमन घरी गेल्यावर खर्च वाचवायला त्यांनी स्वतःच्या हाताने भट्टीची वेळ वीस मिनिटांनी कमी केली.

तीन आठवड्यांनी फोरमनच्या ते लक्षात आलं. त्याने आवाज चढवला नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेला. तोवर त्या पिना गाड्यांत बसल्या होत्या. एका उतारावर पिन तुटली, गाडी चालवणाऱ्या बाईचा पाय गेला, आणि कंपनीने ऑर्डरी थांबवल्या.

“त्या बाई कशा आहेत?” फोरमनने विचारलं.

मालकांना ठाऊक नव्हतं.

“बऱ्या आहेत,” ते म्हणाले.

फोरमनने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

“दोनशे घरांच्या पोटाचा प्रश्न आहे,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला आणि त्याने सही केली. कागद परत देताना त्याने मालकांकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याने तो कागद दोनदा वाचला.

“हाच माणूस तुमचा माल तपासून द्यायचा ना?”

“हो. पण मी काढून टाकलं त्याला.”

अधिकाऱ्याने कपाटातली जाडजूड फाइल टेबलावर आणली आणि पानं उलटत गेला. माल तपासल्याच्या प्रत्येक दाखल्याखाली तीच सही, जरा डावीकडे कललेली.

“अठरा वर्षं आम्ही या सहीवर विसंबलो,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणी, अगदी तुम्ही स्वतः, हे केलं असतं, तर तेवढाच माल बाजूला काढून तुमचं काम चालू ठेवलं असतं. पण यानेच केलं असेल, तर यातलं एकही पान खरं धरता येणार नाही. मग आपला संबंध संपला.”

मालकांचा हात आपसूक कागदाकडे गेला. अधिकाऱ्याने तो अडवला नाही.

“म्हणून एकदाच विचारतो. यात लिहिलंय ते खरं आहे?”

बाहेर कुणीतरी टाइप करत होतं. ते थांबलं. मालकांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

“खरं आहे,” ते म्हणाले.