टाचणीचं रक्त

"पोरीच्या अंगात नुसती हाडं, आणि म्हणे चरबी तपासा!" आजीने कात्री टेबलावर आपटली. "माझ्या नातीला सुई टोचायची नाही, सांगून ठेवते."

सून शिवलेल्या कपड्यांना बटणं लावत राहिली. नऊ वर्षांची नात दारात उभी राहून दोघींकडे पाहत होती. पोर इतकी बारीक, की कपडे शिवणाऱ्या आजीने तिचं नाव टाचणी पाडलं होतं. तिचा बाप सुतार. दीड महिन्यापूर्वी एका खिडकीची चौकट बसवताना तो जरा टेकला, तो उठलाच नाही. वय अवघं अडतीस. त्याचे वडीलही एक्केचाळिसाव्या वर्षी असेच गेले होते. भेटायला येणाऱ्यांना आजी डोळे पुसत सांगायची, "आमच्या घरातले पुरुष कुणाकडून सेवा करून घेत नाहीत. चालते-बोलते जातात." त्यात दुःख होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडा ताठाही होता.

शेजारच्या दवाखान्यातली सिस्टर बाही उसवलेला गणवेश घेऊन आली होती, आणि रक्त तपासायचं तिनेच सुचवलं होतं. ती स्टूल ओढून बसली.

"आजी, ही चरबी अंगावर दिसत नाही, रक्तात असते. नाकाडोळ्यांसारखी घराण्यातून येते. बापाला असली तर लेकराला असायची शक्यता निम्मी. मग ते काडीसारखं का असेना!"

"एवढ्याशा पोरांना कुठे असतं असलं काही?"

"लहानपणापासूनच हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचत जातं. कळतं मात्र उशिरा. वेळेत कळलं तर पथ्य आहे, खेळणं आहे, डॉक्टरांना गरज वाटली तर औषध आहे. बरं, तुमच्या मुलाचं रक्त कधी तपासलं होतं का हो?"

सुनेने आजीकडे पाहिलं. मशीनवरचा आजीचा हात थांबला.

"तपासलं होतं," आजी हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली. कागद घेऊन माझ्याकडेच आला होता. गोळ्या लिहून दिल्या होत्या. मी म्हटलं, आपल्या घरात कुणी गोळ्या गिळत बसलं नाही, तूच कसा रे नाजूक? तो हसला आणि कागद खिशात घातला. अगं बाई! माझं ऐकणारा मुलगा होता गं तो!"

सुनेने एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर आजीला सोसणं सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी टाचणीला दवाखान्यात आजीनेच नेलं. रक्तातली चरबी वयाच्या मानाने फारच जास्त निघाली. परतताना पोरीने आजीचं बोट घट्ट धरलं.

"आजी, मीपण बाबांसारखी बसले की उठणार नाही का?"

आजी भर रस्त्यात खाली बसली आणि तिला कुशीत घेतलं. "उठशील, बाळा. डॉक्टर सांगतील ते सगळं आपण करायचं. तुझ्या बाबांना मी करू दिलं नाही."

घरी येताच तिने धाकट्या दिराला फोन लावला. त्याला दोन नातवंडं होती.

"भाऊजी, आधी तुमचं आणि मुलाचं रक्त तपासा, मग पोरांचं. आणि लोकांना सांगताना लाजू नका. माझा मुलगा चालता-बोलता गेला नाही. आजाराने गेला, आणि तो आजार मला ठाऊक होता."

वाचकहो, आपल्या घरातलं कुणी ऐन उमेदीत हृदयविकाराने गेलं असेल, तर ते नशिबावर ढकलू नका. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा आणि मुलांचं रक्त तपासून घ्या. गेलेल्यांसाठी आता काही करता येत नाही. लेकरांसाठी अजून येतं.