घेवड्याच्या मडक्यातली पळी

मी एक जुनी लोखंडी पळी आहे, मित्रांनो, आणि माझी तक्रार आमच्या घरच्या सुनेबद्दल, थँकफुलबद्दल आहे. तिनं मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगून ठेवलंय. इतकी वर्षं झाली, माझ्याकडे मान वर करून पाहत नाही.

बॉस्टनच्या लोहारानं मला घडवलं तेव्हा थँकफुल जन्मलीही नव्हती. तिची सासू मेहिटेबल माझ्याशिवाय दुसऱ्या पळीला हात लावत नसे. चुलीशेजारी टांगल्या टांगल्या मी सगळं ऐकलं. समुद्रापलीकडच्या राजानं आधी काकवीवर कर बसवला, मग कागदावर, काचेवर, शेवटी चहावर. आम्हाला विचारलं कुणी? लोकांनी चहा खाडीत ओतला, राजानं बंदर बंद केलं आणि गल्लोगल्ली लाल डगल्यांचे शिपाई आणून बसवले. शहर म्हणजे झाकण घातलेलं मडकं झालं.

थँकफुलचा नवरा एसा शहराबाहेर, रॉक्सबरीला, शेतकऱ्यांची पथकं उभी करत होता. त्यांच्याकडे बंदुका होत्या, गोळ्या नव्हत्या. एका शुक्रवारी थँकफुलनं घड्याळाची शिशाची वजनं काढली आणि वितळवायला मलाच घेऊन बसली. जिनं सगळ्या घराला लापशी वाढली, तिच्यात शिसं! सासू एवढंच म्हणाली, "आता ही पळी पुन्हा अन्नात नको."

रविवारी आमच्याकडे चूल पेटत नाही, म्हणून शनिवारीच मडकंभर घेवडा शिजवून ठेवतात. त्या शनिवारी मडक्याच्या तळाशी गोळ्या होत्या, वर काकवीतला घेवडा, आणि तो घेवडा कुणी खाणार नव्हतंच, म्हणून संशय टाळायला त्यात मीच रुतवलेली. चिकट अंधार. हलायला जागा नाही. मडकं घेऊन सासू-सून रॉक्सबरीला निघाल्या आणि शहराच्या वेशीवरच्या चौकीवर त्यांची गाडी अडली.

"काय वास सुटलाय," शिपाई म्हणाला. "एक पळी वाढा की, आजी. येणारे-जाणारे सगळेच देतात."

"म्हणजे हाही करच," मेहिटेबल म्हणाली. "देते. पण आमच्यात प्रार्थनेशिवाय घास घेत नाहीत. टोपी काढ."

टोपी निघाली. मेहिटेबलनं डोळे मिटून आदामापासून सुरुवात केली. नोहा आला, जलप्रलय ओसरला, तरी 'आमेन' काही येईना. मागे गाड्यांची रांग लागली. थँकफुलनं माझा दांडा घट्ट धरून ठेवला होता. मला जरा खोल घातलं असतं तर गोळी वर आली असती आणि दोघींच्या गळ्याला फास. मोशे समुद्राकाठी पोचायच्या आत चौकीवरचा हवालदार रांग पाहून शिपायावर खेकसला. शिपायानं टोपी डोक्यावर आदळली.

"जा बाई. तुमचा देव तुम्हालाच लखलाभ."

महिन्याभरात लढाई पेटली. कराचं भांडण स्वातंत्र्याचं युद्ध झालं आणि आठ वर्षं चाललं. एसा लंगडत का होईना, परतला. मेहिटेबल ते पाहायला राहिली नाही. आम्ही रॉक्सबरीतच राहिलो. थँकफुल आता सासूची प्रार्थना लेकरांना हुबेहूब करून दाखवते आणि घर हसतं. घेवड्याखाली काय होतं, ते कुणाला जाऊन लागलं, हे मात्र ती सांगत नाही. काल धार काढताना गायीलाच म्हणाली, "टोपी छातीशी धरून उभा होता गं तो चौकीवरचा शिपाई."

तेव्हा मला राहवलं नाही. मी खिळ्यावरूनच तिला म्हणाले, "थँकफुल, शिसं माझ्यात वितळलं, पण दांडा तुझ्या हातात होता. केलंस ते करावंच लागणार होतं. पण मला गंजवून ते पुसलं जायचं नाही. मला खाली घे, वाळूनं घास, तेल लाव, आणि पोरांना अर्धीच गोष्ट सांगणं बंद कर."